पाहुण्याच्या खिशातले नाणे

"मावशी, तू फक्त वॉलेटचा पत्ता पाठव. मी तुला इथून यूएसडीटी टाकतो, तू मला तिथे आल्यावर डॉलर दे. बँक नको, मनी चेंजर नको, मध्ये खाणारं कोणी नको."

यंदा मे महिन्यात पुण्याहून माझ्या भाच्याचा हा फोन आला. जूनमध्ये तो बायको-मुलांना घेऊन आठ दिवसांसाठी सिंगापूरला येणार होता. यूएसडीटी म्हणजे अमेरिकी डॉलरशी किंमत बांधलेले एक क्रिप्टो नाणे, एवढे मला माहीत होते. माझ्याकडे वॉलेट नव्हते, पण लेकीकडे असेल असे त्याने धरूनच चालले होते. मी "बघते हं" म्हणाले आणि फोन ठेवला. वाचकहो, आपल्याकडे "बघते" म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. नाही म्हणायचे धैर्य गोळा करायला घेतलेला वेळ!

संध्याकाळी लेकीला सांगितले. ती इथल्या एका बँकेत व्यवहार तपासण्याच्या विभागात आहे. तिने मला चारच प्रश्न विचारले.

"आई, हे पैसे तुझ्याकडे कुठून आले असं कोणी विचारलं तर काय सांगशील?"

"भाच्याकडून."

"त्याच्याकडे कुठून आले?"

"त्याने विकत घेतले."

"कोणाकडून?"

"ते मला काय माहीत?"

"आणि त्या माणसाकडे कुठून आले होते?"

मी गप्प. तीस-पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या, पण चौथ्या प्रश्नाला इतकी निरुत्तर मी स्वतः कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाच्याला नाही म्हणून कळवले. त्याने "ठीक आहे" एवढेच लिहिले. रात्री ताईचा फोन आला. ती चिडली नव्हती, आवाज अगदी शांत होता. म्हणाली, "आईच्या वेळी नाही आठवले तुला नियम."

ही आईची वेळ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायलाच हवे. १९८६ साली पुण्यात आईला अचानक इस्पितळात ठेवावे लागले. आगाऊ रक्कम भरायची होती. बँकेचा ड्राफ्ट करून पोस्टाने पाठवला असता तर पोहोचायला दोन-तीन आठवडे लागले असते. ट्रंक कॉलवर ताई म्हणाली, "भाऊजी इथे पैसे भरताहेत. त्यांचा चुलतभाऊ पुढच्या आठवड्यात बोटीवरून सिंगापूरला उतरतोय, त्याला तू तिथले डॉलर दे." तो आला, आमच्या घरी आमटी-भात जेवला आणि मी त्याच्या हातात बाराशे डॉलर ठेवले. त्यांतून त्याने टेपरेकॉर्डर आणि बायकोसाठी साड्या घेतल्या. तिकडे आई बरी होऊन घरी आली. कोणाला पावती नाही, कोणाची सही नाही.

इथल्या पहिल्या पिढीतल्या बहुतेक घरांत असा एखादा किस्सा निघेल. "तू तिथे दे, मी इथे देतो." आम्हाला ती मदत वाटे. भारताच्या १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याला, म्हणजे 'फेरा'ला, मात्र ती मान्य नव्हती. अधिकृत विक्रेत्याला वगळून परदेशातल्या माणसाशी अशी देवघेव करणे हा त्या कायद्याने गुन्हाच होता. आम्हाला ते अर्धवट माहीत होते, आणि पूर्ण माहीत करून घ्यायची आमची इच्छा नव्हती. ज्या देशातून माणसे खिशात आठ अमेरिकी डॉलर घेऊन परदेशी शिकायला जात, त्या देशाचे नियम मोडण्याची टोचणी फारशी कोणाला नसे.

म्हणजे ताईचा टोमणा खरा होता. त्याला उत्तर द्यायचे तर आधी नियम काय आहेत ते नीट पाहायला हवे, म्हणून मी वाचायला बसले. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते, कारण दिवाळीत आणि डिसेंबरात तुमच्याकडेही पाहुणे येणार आहेत.

आधी सिंगापूरचे. इथे क्रिप्टो बाळगणे गुन्हा नाही आणि दुकानदाराने ते घेणेही गुन्हा नाही. ते कायदेशीर चलन मात्र नाही, म्हणजे ते घ्यायची सक्ती कोणावर करता येत नाही. सरकारचे लक्ष नाण्यापेक्षा मधल्या माणसावर आहे. २०१९ चा पेमेंट सर्व्हिसेस कायदा २८ जानेवारी २०२० पासून लागू झाला. तेव्हापासून क्रिप्टोची खरेदी-विक्री किंवा अदलाबदल करून देण्याचा धंदा करणाऱ्याला मॉनेटरी ऑथॉरिटीचा, म्हणजे मासचा, परवाना लागतो. त्याच वर्षीपासून क्रिप्टोने बिल भरणे जीएसटीच्या हिशेबात वस्तुविनिमय धरले जात नाही. वस्तूवरचा जीएसटी अर्थातच चुकत नाही.

एकीकडे अशी वाट काढून दिली आणि दुसरीकडे लगामही घातला. जानेवारी २०२२ मध्ये मासने सांगितले की सार्वजनिक जागी क्रिप्टोची जाहिरात करायची नाही. मॉलमध्ये उभी असलेली क्रिप्टोची एटीएम यंत्रे त्यानंतर बंद झाली. त्याच वर्षी टेरा कोसळले, नोव्हेंबरात एफटीएक्स बुडाले आणि त्यात आपल्या टेमासेकलाही २७.५ कोटी अमेरिकी डॉलरवर पाणी सोडावे लागले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये इथे तीन अब्ज डॉलरच्या वर गेलेले काळ्या पैशाचे प्रकरण उघडकीला आले. जप्त मालमत्तेत बंगले, मोटारी आणि सोन्याबरोबर क्रिप्टोही होते. मग लेकीच्या विभागातली माणसे "कोणाकडून?" हा प्रश्न तीन-तीनदा का विचारतात, ते माझ्या लक्षात आले.

एकदा भाच्याला डॉलर दिले म्हणून मी काही धंदा करणारी ठरले नसते, हे खरे. पण ते यूएसडीटी मला कधीतरी विकावे लागले असते, आणि परवाना असलेल्या एक्स्चेंजने तेच चार प्रश्न मला विचारले असते. त्या नाण्याच्या मागच्या प्रवासात कुठे फसवणुकीचा पैसा मिसळलेला असता, तर त्याचा खुलासा करायला पुढे मीच उभी असते. भाचा तोपर्यंत पुण्याला पोहोचलेला असता.

यासंबंधीच्या एका नियमाचे नाव मोठे गमतीचे आहे : 'ट्रॅव्हल रूल'. मला वाटले, प्रवाशांसाठीच केलेला दिसतो! पण इथे प्रवास माणसाचा नसून माहितीचा आहे. पैसे एका संस्थेकडून दुसरीकडे जातात तेव्हा पाठवणारा कोण आणि घेणारा कोण, हेही त्यांच्याबरोबर गेले पाहिजे, असा हा नियम. काळ्या पैशाविरुद्ध काम करणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने जून २०१९ मध्ये तो क्रिप्टोलाही लावला आणि सिंगापूरने लगेच पुढच्या वर्षी तो अमलात आणला.

हे वाचताना मला आपल्या हुंडीची आठवण झाली. पेशवाईत पुण्याहून काशीला निघालेला यात्रेकरू कमरेला रुपयांची थैली बांधून सगळी वाट चालत नसे. वाटेत चोर-पेंढारी होते, आणि प्रत्येक मुलखाचे नाणे वेगळे. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी. परमुलखात सराफ नाणे पारखून घेई आणि बट्टा कापी. म्हणून ज्याला जमे तो पुण्याच्या सावकाराकडे पैसे भरून काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. हुंडणावळ द्यावी लागे, म्हणजे मध्ये खाणारा तेव्हाही होताच.

त्यांतली 'शहाजोग' हुंडी मला फार आवडते. ती वाटेल त्या हातात वटत नसे. बाजारात पत असलेल्या शहामार्फतच ती वटायची. हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर पैसे परत करायची जबाबदारी त्या शहावर येई. आणखी एक सोय होती. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला 'पेठ' म्हणत. पेठही हरवली तर 'परपेठ'. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो हसला, कारण त्याच्या एका मित्राचा वॉलेटचा गुप्त शब्दसंच हरवला आहे आणि त्या पैशांना पेठ नाही की परपेठ नाही.

"मध्ये कोणी नाही" ही भाच्याच्या दृष्टीने त्या नाण्याची सगळ्यांत मोठी खुबी. हुंडीचे सगळे बळ मात्र मधल्या माणसात होते. आज सरकारे जे नियम करताहेत त्यांतून ती हा मधला माणूस परत आणू पाहताहेत, असे मला वाटते.

आपल्या शेजारचेच बघा. आपण सगळे सुट्टीत बालीला जातो. इंडोनेशियाच्या कायद्याप्रमाणे देशातले व्यवहार रुपियातच करावे लागतात. मे २०२३ मध्ये बालीच्या राज्यपालांनी जाहीर ताकीद दिली, की क्रिप्टोने पैसे देणाऱ्या परदेशी पाहुण्यांवर कडक कारवाई होईल, अगदी परत पाठवण्यापर्यंत. थायलंडनेही १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोने बिले चुकती करण्याला मनाई केली होती. आणि याच थायलंडने आता १८ ऑगस्ट २०२५ ला खास परदेशी पर्यटकांसाठी 'टूरिस्ट डिजिपे' ही योजना अठरा महिन्यांच्या प्रयोगापुरती जाहीर केली.

ती बातमी आली त्याच दिवशी भाच्याचा निरोप आला : "बघ मावशी, थायलंड पुढे गेलं. तुमचं सिंगापूर बसलंय मागे!" मी योजना वाचून काढली. पर्यटकाने नोंदणीकृत कंपनीकडे पासपोर्टनिशी ओळख पटवून खाते उघडायचे. क्रिप्टो तिथे विकायचे. त्याचे बाथ इलेक्ट्रॉनिक पाकिटात येतात आणि मग दुकानातला क्यूआर कोड वापरून ते खर्च करायचे. वर ५,५०,००० बाथची मर्यादा. दुकानदाराच्या हाती पडतात ते बाथच. नाणे दुकानाच्या दारापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. हे म्हणजे आपल्या मुस्तफाजवळच्या मनी चेंजरने फोनच्या आत दुकान थाटण्यासारखे झाले.

सिंगापूरमध्येही चित्र याहून फार वेगळे नाही. मार्च २०२४ पासून ग्रॅबच्या पाकिटात क्रिप्टो देऊन भर घालायची सोय आहे. मध्ये परवाना असलेली कंपनी नाणे घेते आणि पाकिटात जमा होतात ते सिंगापूर डॉलर. डॉलरशी किंमत बांधलेल्या नाण्यांसाठी मासने ऑगस्ट २०२३ मध्ये आराखडा जाहीर केला. ते नाणे परत दिले तर पाच कामकाजाच्या दिवसांत त्याची पूर्ण किंमत मिळाली पाहिजे, अशी त्यात अट आहे.

परके नाणे इथे कधी चालतच नाही असेही नव्हे. ब्रुनेईचा डॉलर १९६७ च्या करारापासून आपल्या डॉलरच्या बरोबरीने, बट्टा न लागता चालतो. दुकानदार नोट बघतो आणि गल्ल्यात टाकतो, कारण तिच्या मागे दोन सरकारांचा शब्द आहे हे त्याला माहीत आहे.

आता भारताची बाजू, कारण पाहुणा तिथला असतो आणि परत तिथेच जाणार असतो. तिथे १९९९ च्या 'फेमा' कायद्याने 'फेरा'ची जागा घेतली आणि पूर्वीचा धाक पुष्कळ कमी झाला. २००४ मध्ये माणशी वर्षाला २५,००० अमेरिकी डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली, आज ती २,५०,००० आहे. पण नेण्याचे मार्ग ठरलेले आहेत : अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या नोटा, फॉरेक्स कार्ड, बँकेतून रक्कम पाठवणे. या मार्गांत क्रिप्टो बसवलेले नाही. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर रक्कम गेली तर बहुतेक कारणांसाठी बँक २० टक्के टीसीएस कापून घेते. तो पुढे आयकरात वळता होतो, तरी कापला जाताना टोचतोच.

क्रिप्टोवरचा कर त्याहून निराळा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आला. अनेकांना वाटते, पैसे बँकेत आले तरच कर. तसे नाही. एक नाणे देऊन दुसरे घेतले तरी ती विक्री, आणि त्या नाण्याने इथे मुलांना आइस्क्रीम घेऊन दिले तरी ती विक्रीच. भाच्याने २०२१ मध्ये घेतलेले बिटकॉइन विकून त्याचे यूएसडीटी केले होते. "त्याचा कर भरलास का?" असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "अजून कुठे पैसे काढलेत?" सीएला विचार, एवढेच मी सांगितले. जुलैत त्याने विचारले आणि रक्कम भरली. किती ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

जूनमध्ये ती मंडळी आली. पहिल्या दिवशी मी भाच्याच्या हातात पाकीट ठेवले, "ही माझ्याकडून दिवाळी, आगाऊच." त्याने ते परत केले. म्हणाला, "मावशी, मला पैसे नको होते गं. माझे पैसे माझ्यासारखे वापरता यावेत, एवढंच हवं होतं." हे वाक्य माझ्या मनात राहिले. त्याची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. कार्डावर बँक जे वरचे टक्के लावते ते त्याने मला मोजून दाखवले, आणि चार माणसांच्या आठ दिवसांत ती रक्कम लहान नव्हती. सरळ रस्त्यावर टोल जास्त झाला की माणसे शेतातून गाडी घालतात. नियम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवायला हवे.

पाकीट मी शेवटी मुलांच्या नावाने खपवले. सेंटोसाची तिकिटे त्यातून निघाली, बाकी सगळे त्याने फॉरेक्स कार्डावर भागवले.

आता ताईच्या टोमण्याचे उत्तर. ते मी महिनाभर शोधत होते आणि ते फार अभिमानाचे नाही. १९८६ मध्ये आम्ही नियम मोडला, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की त्या साखळीत आम्ही चौघे होतो आणि चौघे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होतो. भाऊजींचे पैसे पगाराचे होते, माझेही पगाराचे. लेकीचा चौथा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर उत्तर होते. यूएसडीटीच्या साखळीत भाचा आणि मी एकमेकांना ओळखतो, आमच्या आधीचे कोणीच आम्हाला ठाऊक नाही. आणि तिसरी गोष्ट, तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. आज आहे. २१ फेब्रुवारी २०२३ ला भारताचे यूपीआय आणि इथले पेनाऊ जोडले गेले. ठरावीक बँकांतून, दिवसाला हजार डॉलरपर्यंत, फोन नंबरावर पैसे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे मिनिटाभरात जातात, आणि नोंदीसकट जातात. आई इस्पितळात होती तेव्हा हे असते, तर मी स्वयंपाकघरात उभी राहून ते पैसे पाठवले असते.

हे सगळे मी ताईला फोनवर सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हाचं चुकलं असंच म्हणतेस ना?" मी म्हणाले, "हो, चुकलं. आणि आईसाठी पुन्हा तीच वेळ आली असती तर पुन्हा केलं असतं." त्यावर ती हसली. "मग माझ्या पोराने एवढं काय मागितलं होतं?" असे ती पुन्हा विचारील असे मला वाटले होते, पण तिने विचारले नाही. तिने विचारले, भाजणी पाठवू का, आणि कोणाबरोबर.

वाचकहो, तुमच्याकडे पाहुणे यायचे असतील तर चार गोष्टी आधीच बोलून घ्या. घर लहान आहे, वॉशिंग मशीन कसे चालते, हे आपण सांगतोच, त्यात हेही सांगा. क्रिप्टो खर्चायचे असेल तर परवाना असलेल्या सेवेतूनच, तुमच्या-माझ्या खात्यातून नाही. रोख नेत-आणत असाल तर सिंगापूरच्या सीमेवर २०,००० डॉलरच्या वरची रक्कम जाहीर करावी लागते. भारतात उतरताना परकीय नोटा ५,००० अमेरिकी डॉलरच्या वर असतील तर तिथेही सांगावे लागते. आणि तरुण मंडळींना माझी विनंती : घरातल्या मावशी-काकांना "तुम्हाला यातलं काही कळत नाही" म्हणून सोडून देऊ नका. माझ्या लेकीने विचारले तसे चार प्रश्न त्यांनाही विचारा. आम्हाला नाही म्हणायला फार वेळ लागतो, आणि कोणीतरी पाठीशी असले की तो जरा कमी लागतो.

भाजणी आली आहे. चकल्या या वर्षी जरा बिघडल्या, पण त्यात ताईचा दोष नाही. तेलाचा अंदाज माझाच चुकला.